अक्षर कळेत नसते

गडहिंग्लजच्या शाळेत चौतीस वर्षे विज्ञान शिकविलेले एक शिक्षक निवृत्तीनंतर मुलीकडे आनेकलला राहावयास आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक मराठी टंकयंत्र होते. ते इतके जड होते की जिन्यावरून वर नेताना दोघांना हात लावावा लागला. या यंत्रावर ते दर महिन्याला आपल्या जुन्या शाळेसाठी एक पाठ लिहीत. प्रश्न एक आणि उत्तर दोन पानांचे. दूध उतू जाते पण पाणी का जात नाही, क्षितिजावरचा चंद्र मोठा का भासतो, विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट का लागते. ती पाने टपालाने गडहिंग्लजला जात, शाळेच्या फलकावर लागत, आणि मधल्या सुट्टीत मुले ती वाचत. काही मुले पोस्टकार्डावर उलट प्रश्न विचारीत. ती पोस्टकार्डे अप्पांनी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती.

आनेकलला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला. हात मांडीवर असले की शांत असत; पेला उचलावा, पेन धरावे, की थरथर सुरू होई. डॉक्टरांनी तपासून ‘इसेन्शियल ट्रेमर’ असे नाव सांगितले. औषधाने कंप कमी झाला, गेला नाही. टंकयंत्राची कळ जोराने मारावी लागते. थरथरत्या बोटाने दोन कळा एकदम दाबल्या जात आणि अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकत. हस्ताक्षर त्यांचे त्यांनाच लागेना. तीन महिने पाठ गेला नाही. चौथ्या महिन्यात शाळेतून विचारणा झाली, तेव्हा ‘आता वय झाले’ असे त्यांनी कळविले. मुलीने ते ऐकले. त्या संध्याकाळी ते शालीखाली हात घेऊन बसले होते, हेही तिने पाहिले.

मुलगी जिगणीच्या एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत नोकरीस आहे. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, ही तिची सवय घरातूनच आलेली. तिने आधी मोबाइल त्यांच्या हाती दिला. पण काचेच्या पडद्याला बोटाचा दाब कळत नाही. बोट जवळ आले की तेथील विद्युतधारिता बदलते आणि तेवढ्यावरच स्पर्श नोंदला जातो. निरोगी हाताला ही सोय वाटते. कंप असलेल्या हाताला मात्र ती शिक्षा ठरते, कारण चुकून झालेला स्पर्श आणि ठरवून केलेला स्पर्श यांत पडदा भेद करीत नाही. मग बोलून लिहिण्याचा प्रयोग झाला. यंत्राने ‘बाष्पदाब’ या शब्दाची तीन निरनिराळी रूपे उमटविली. त्याहून मोठी अडचण अप्पांनी स्वतःच सांगितली. “बोलताना मला समोर वर्ग दिसतो आणि मी पसरत जातो. लिहिताना वाक्य खोडता येते.”

तेव्हा पाहिजे होती ती खरी कळ: जी ठरावीक जोर लावल्याशिवाय खाली जात नाही आणि गेली की बोटाला तसे सांगते. घरात विंडोज प्रणालीचा एक जुना टॅब होता. त्याचा मूळ जोडकळफलक केव्हाच निकामी झाला होता. त्याला एक हलका, कोठेही नेता येईल असा बिनतारी कळफलक घ्यावा, असे मुलीने ठरविले. दर महिन्याला रुग्णालयात रांगेत दोन-तीन तास जात; तेथेही मांडीवर ठेवून लिहिता आले पाहिजे. खर्चाची मर्यादा दीड हजार रुपये.

मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी तिने बिनखर्चाचा एक प्रयोग केला. कार्यालयातून एक जुना, वायरचा कळफलक दोन दिवसांसाठी मागून आणला आणि टॅबला जोडला. अप्पांची पहिली शंका साधी होती. “याच्यावर मराठी अक्षरे कोठे आहेत?” कळांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली होती. मुलीने टॅबच्या भाषा-मांडणीत मराठी निवडले आणि ‘के’ लिहिलेली कळ दाबली. पडद्यावर ‘क’ उमटला.

अप्पा थक्क झाले, आणि मग शिक्षकाच्या स्वभावानुसार मुळाशी गेले. कळफलकाला कोणतीही लिपी येत नाही. त्यातून अक्षर बाहेर पडत नाही, फक्त कळेचा क्रमांक बाहेर पडतो. यूएसबीच्या प्रमाणपत्रकात ‘ए’च्या कळेला 4 हा क्रमांक आहे, ‘बी’ला 5, आणि याच क्रमाने ‘के’ला 14. ब्लूटूथ कळफलकही हेच क्रमांक वापरतो. 14 आला म्हणजे काय उमटवायचे, हे पलीकडचा संगणक त्याच्यापाशी असलेल्या तक्त्यावरून ठरवितो. इंग्रजीच्या तक्त्यात तेथे ‘के’ आहे, मराठीच्या तक्त्यात ‘क’. म्हणजे मराठी अक्षरे छापलेला कळफलक शोधण्याची आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नव्हती. कळांवर डकविण्याच्या पारदर्शक चिकटपट्ट्या मिळतात. अप्पांनी त्याही नाकारल्या. “टंकयंत्र शिकलो तेव्हा बोटांकडे पाहिले की गुरुजी पट्टी मारीत,” ते म्हणाले.

टंकयंत्राची मांडणी आणि ही मांडणी मात्र एक नव्हती. जुन्या यंत्रावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. नव्या मांडणीत उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी, वेलांटी मागाहून. या मांडणीचे नाव इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती 1986 मध्ये पुढे आणली आणि 1991 मध्ये ‘आयएस 13194’ या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, ‘ग’ आणि ‘घ’ तिच्या वरच्या ओळीत. अल्पप्राण साध्या दाबाने, महाप्राण शिफ्टसह. वर्णमाला पाठ असलेल्याला तिचे तर्कशास्त्र तासाभरात कळते. बोटांना कळायला मात्र आठवडे लागतात. अप्पांनी वही काढली आणि मांडणीचा तक्ता त्यात उतरवून घेतला. रेघा वाकड्या आल्या, पण घरे चुकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण पुढे आली. कळ दाबताना कंपामुळे बोट पुन्हा आपटे आणि ‘पाणी’च्या ठिकाणी ‘पपाणणी’ उमटे. अप्पांनी हात मागे घेतले. मुलगी प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या सवयीने विचार करू लागली आणि तिला आठवले की हीच अडचण प्रत्येक कळेच्या पोटातही असते. कळ दाबली की आतले दोन विद्युतसंपर्क एकमेकांवर आदळतात, आणि स्थिर होण्याआधी काही मिलिसेकंद थरथरतात. तेवढ्या अवधीत मंडल अनेकदा जुळते आणि तुटते. प्रत्येक जुळणी मोजली तर एका दाबात चार-पाच अक्षरे उमटतील. म्हणून कळफलकातला सूक्ष्म नियंत्रक पहिला संकेत मिळाला की क्षणभर थांबतो आणि थरथर संपेपर्यंत मधल्या हेलकाव्यांकडे दुर्लक्ष करतो.

“धातूलाही कंप असतो की!” अप्पा म्हणाले. त्या आठवड्यात ते प्रथमच हसले.

फरक होता तो केवळ काळाचा. संपर्काची थरथर काही मिलिसेकंदांत शमते. या प्रकारच्या कंपात हात सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा हलतो. म्हणजे दोन हेलकाव्यांतले अंतर पाव सेकंदापासून सेकंदाच्या बाराव्या भागापर्यंत. नियंत्रकाची क्षणभराची सबुरी येथे पुरत नाही, पण सबुरी वाढविता येते. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय 1995 च्या आवृत्तीपासून आहे. तिच्यात तीच कळ ठरावीक अवधीत पुन्हा दाबली गेली तर तिकडे दुर्लक्ष करावे, असे सांगता येते. मुलीने अर्धा सेकंद निवडला. ‘पाणी’ नीट उमटले. ‘उच्च’, ‘पक्का’ हे शब्दही अडले नाहीत, कारण इन्स्क्रिप्टमध्ये दोन ‘क’ किंवा दोन ‘च’ यांच्यामध्ये हलन्ताची कळ येते. ‘ममता’ आणि ‘ननंद’ लिहिताना मात्र जरा थांबावे लागे. “ननंदेपुढे थांबावेच लागते,” असे अप्पा म्हणाले, आणि ते लिहीत राहिले.

या दोन दिवसांत खरेदीचे सूत्र आपोआप हाती आले. लिपी, मांडणी, पुनरुक्तीला आळा या गोष्टी नंतर, घरबसल्या आणि फुकट बदलता येतात. त्यांच्यासाठी दुकानात पैसे देऊ नयेत. कळांमधले अंतर, कळेची खोली, तिला लागणारा जोर, वजन, वीजपुरवठ्याचा प्रकार आणि रेडिओदुव्याची सुरक्षितता या गोष्टी एकदा घेतल्यावर बदलता येत नाहीत. किंमत त्यांचीच द्यावी. मुलीने हे सहा मुद्दे कागदावर लिहिले.

शनिवारी दोघे निघाले. आनेकलहून बसने बोम्मसंद्र, तेथून ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने आर. व्ही. रोड, आणि तेथे हिरव्या मार्गिकेवर बदलून चिकपेट. संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला एस. पी. रोड तेथून चालत गाठता येतो. अप्पांच्या खिशात पंधरा सेंटिमीटरची पट्टी होती आणि रुमालात बांधलेली दहा रुपयांची बारा नाणी.

पट्टी अंतरासाठी होती. पूर्ण आकाराच्या कळफलकात शेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंमध्ये साधारण 19 मिलिमीटर अंतर असते. ‘क्यू’पासून ‘आय’पर्यंत अशी सात अंतरे, म्हणजे 133 मिलिमीटर. दुकानदाराने प्रथम घडीचा कळफलक दाखविला: 180 ग्रॅम, दीड हजार रुपये, मिटला की सदऱ्याच्या खिशात मावणारा. पट्टीने 112 मिलिमीटर दाखविले. प्रत्येक कळेमागे तीन मिलिमीटर कमी, आणि थरथरत्या बोटाला शेजारच्या घरात नेऊन टाकण्यास तेवढे पुरेसे. अप्पांनी तो मांडीवर ठेवून पाहिला, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो घसरत होता आणि बिजागरीत वाकत होता. घर्षणाचे कमाल बल वजनाच्या प्रमाणात असते. वस्तू जितकी हलकी, तितकी ती बोटाच्या धक्क्याने सहज सरकते. हलकेपणा प्रवासात हवा असतो, पण लिहिताना त्यालाही एक खालची मर्यादा असते.

नाणी जोरासाठी होती. दहा रुपयांच्या नाण्याचे वजन सुमारे 7.7 ग्रॅम. कळेच्या मधोमध एकावर एक नाणी ठेवीत जायचे. ज्या नाण्याला कळ खाली जाईल, तेथे थांबायचे. दुकानातल्या पोराला आधी हे खुळ वाटले, मग तोच नाणी सावरू लागला. रंगीत दिव्यांचा एक यांत्रिक कळफलक सहा नाण्यांतच खाली गेला. बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटे. शिवाय तो पाऊण किलोचा, 3,800 रुपयांचा, आणि दिव्यांमुळे वारंवार चार्ज करावा लागणारा. दुसरा, रबरी घुमटाचा, सात नाण्यांना दाद देईना आणि आठव्याला एकदम खाली गेला. सुमारे 62 ग्रॅमभार, म्हणजे 0.6 न्यूटन. बोटाला तो झटका स्पष्ट जाणवत होता. अप्पांनी डोळे मिटून ती कळ दहा वेळा दाबली. “ही विचारून आत जाते,” ते म्हणाले.

या घुमटाच्या कळफलकाची दोन रूपे दुकानात होती. एक 700 रुपयांना, छोट्या डोंगलसह. दुसरे 1,350 रुपयांना, ब्लूटूथचे. दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 मध्ये परवानामुक्त झाला. घरातला वाय-फायही त्याच पट्ट्यात असतो. तरीही ब्लूटूथचा संदेश हरवत नाही, कारण तो एका वाहिनीवर टिकून राहत नाही. ठरलेल्या क्रमाने अनेक वाहिन्यांवर उड्या मारीत जातो. मूळ ब्लूटूथमध्ये अशा वाहिन्या 79 असून त्यांवर सेकंदाला 1,600 उड्या होतात.

किंमत जवळजवळ निम्मी असूनही डोंगलचे रूप मुलीने बाजूला ठेवले. 2016 मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संशोधन कंपनीने दाखवून दिले होते की आठ उत्पादकांचे काही स्वस्त डोंगलवाले कळफलक प्रत्येक कळ कोणत्याही कूटलेखनाविना हवेत सोडत होते, आणि सुमारे 75 मीटरवरून ती वाचता येत होती. सगळे डोंगल तसे नसतात. पण समोरच्या खोक्यावर कूटलेखनाचा उल्लेख नव्हता आणि अप्पा त्याच टॅबवर निवृत्तिवेतनाचे खाते पाहतात. ब्लूटूथमध्ये जोडणी करताना पडद्यावर दिसणारा अंक कळफलकावर टंकावा लागतो आणि पुढील संदेश कूटलिखित होतात. डोंगल हरवण्याची भीती नाही, हा आणखी एक लाभ. वरच्या 650 रुपयांचे हे कारण दोघांनाही पटले.

मग त्यांनी कळफलक उलटा केला. बिनतारी कळफलक हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत 2012 च्या आदेशापासूनच आहेत. खाली मानकचिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणीक्रमांक असावा लागतो. तो होता. शेजारच्या दुकानातल्या बिननावाच्या, साडेपाचशे रुपयांच्या कळफलकावर नव्हता. वीज दोन ट्रिपल ए सेलवर. आतली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकली तर सहसा सारी वस्तूच टाकावी लागते. हे सेल आनेकलच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. सेलसह वजन 410 ग्रॅम. पैसे अप्पांनी स्वतः मोजून दिले. नोटा देताना हात थरथरला आणि या वेळी त्यांनी तो लपविला नाही.

पहिल्या पाठाला अकरा दिवस लागले. रोज सकाळी ते गॅलरीत बसत, टॅब खिडकीच्या कट्ट्यावर डोळ्यांच्या उंचीला आणि कळफलक मांडीवर. एका रुग्णालयाच्या रांगेत त्यांनी दोन परिच्छेद पुरे केले. प्रश्न त्यांनी नवा घेतला होता: एकदा दाबलेली कळ किती वेळा दाबली जाते? संपर्काच्या थरथरीपासून सुरुवात करून, आपल्या हाताचे नाव न घेता, पण काहीही न लपविता, त्यांनी तो सेकंदाच्या हिशेबापर्यंत आणला. शेवटी विद्यार्थ्यांसाठी नाण्यांचा प्रयोग दिला आणि घरातल्या दाराच्या घंटीला किती जोर लागतो ते मोजून कळविण्यास सांगितले.

खालच्या मजल्यावरची सहावीतली मुलगी हे सारे पाहत असे. ती कन्नड माध्यमाची. अप्पा गडहिंग्लजचे असल्याने कन्नड बोलत, पण ती लिपी त्यांना वाचता येत नसे. “ताता, यात कन्नड येते का?” तिने विचारले. कन्नडसाठी के. पी. राव यांनी रचलेली मांडणीही कर्नाटकात रूढ आहे. पण टॅबमध्ये कन्नडचीही इन्स्क्रिप्ट होती आणि अप्पांना ती पाहावयाची होती. त्यांनी तिला गावाचे नाव लिहावयास सांगितले आणि कोणत्या कळा दाबायच्या ते मराठीच्या सवयीने सांगत गेले. शिफ्टसह ‘ई’, मग ‘व्ही’, ‘एस’, ‘के’, ‘एन’. पडद्यावर जी अक्षरे उमटत होती ती त्यांना वाचता येत नव्हती. मुलीला येत होती. आ, न, मात्रा, क, ल. क्रमांक तेच: 8, 25, 22, 14, 17.

“चुकले,” मुलगी म्हणाली. कन्नडमध्ये शेवटचा ‘ल’ पायमोडका असतो. अप्पांनी क्षणभर विचार केला, मराठीत हलन्तासाठी दाबतात ती ‘डी’ची कळ दाखविली, आणि तिने ती दाबली. आनेकल पुरे झाले.

तो पाठ दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या शाळेला गेला. पुढच्या महिन्याचा प्रश्न अप्पांनी तेव्हाच ठरविला होता: दोन लिप्यांत एकच कळ का चालते? त्याचे पहिले वाक्य लिहिताना त्यांना खालच्या मजल्यावर दोनदा जावे लागले, कारण कन्नड अक्षरांची नावे विचारावयाची होती.